पीडा कोणी ठरवायची

समाजशास्त्रात मी एम.ए. केलं ते समाजाविषयी फार कळकळ होती म्हणून नव्हे. अर्थशास्त्राचे तास दुपारी असत आणि दुपारी मी नागपुरात सीताबर्डीवरच्या एका कापडाच्या दुकानात बसत असे. समाजशास्त्राचे तास सकाळी होते. शिवाय आमच्या सक्करदऱ्यात असा समज होता की या विषयाला अभ्यास लागत नाही. समाजात तर आपण राहतोच, मग त्यात शिकायचं काय? मलाही ते पटलं होतं. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती, आणि पटकन पटणाऱ्या गोष्टींचा मला तेव्हा शौक होता.

पहिल्याच तासाला सरांनी हा समज मोडीत काढला. सर सावनेरकडच्या एका खेड्यातले. अंगानं किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्या टवाळांना ऐकण्यासाठी पुढे येऊन बसावं लागे. ते म्हणाले, “‘हे असंच असतं’ असं कोणी म्हणालं की दोन प्रश्न विचारायचे. कधीपासून असतं? आणि कोणाच्या सोयीसाठी?”

मग त्यांनी स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली. “छप्पन साली मी शाळेत होतो. आमच्या घरातले देव पिढ्यानपिढ्यांचे. ते जागचे हलले तर घर बुडेल, असं आजोबा सांगायचे. दीक्षा घेऊन आल्यावर आईनं एका सकाळी ते फडक्यात बांधले आणि कोलार नदीत सोडून आली. दुपारी आम्ही जेवलो. घर होतं तिथंच होतं.” एवढं बोलून त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. आमच्यातल्या अर्ध्याजणांना हजेरीला ओ द्यायचं सुचलं नाही.

मी ते दोन प्रश्न घरी आणले. ते काही घरात फार टिकले नाहीत.

पहिला प्रयोग आईवर केला. भल्या पहाटे उठून चूल पेटवायची ती बाईनंच, हे कोणाच्या सोयीचं, असं मी तिला विचारलं. “तुह्या,” आई म्हणाली. “सातले उठते तू, अन् आयता चहा भेटते तुले.” दुसऱ्या दिवशी मी जरा सोपा विषय घेतला. चपला दाराबाहेरच काढायच्या, हे कोणाच्या सोयीचं? “कुत्र्याच्या,” भाजी चिरणारी ताई मान वर न करता म्हणाली. आदल्याच दिवशी बाबांची एक चप्पल गेली होती.

ही ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं सासर नरखेड तालुक्यात. संत्र्या-मोसंबीची बाग, दोन विहिरी, दोन्हींवर पंप, दारात मोटारसायकल. लग्न ठरलं तेव्हा पोरीनं नशीब काढलं असं सगळी गल्ली म्हणाली होती. तीच ताई मागच्या उन्हाळ्यात एकटी एस.टी.नं माहेरी आली, डाव्या हाताला फडकं बांधून. मनगटाचं हाड पुढे नीट बसलं नाही. त्या हातानं तिला भरलेली बादली उचलता येत नसे. विहिरीवर पाय घसरला, असं तिनं सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. ज्या विहिरीवर माणूस फक्त बटन दाबतो तिथं पाय कसा घसरला, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

जावयाबद्दल आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं. “माणूस चांगला हाय, फक्त डोकं जरा गरम हाय.” हे वाक्य आई म्हणे, काका म्हणत, शेजारणीही म्हणत. नागपूरचा मे महिना गरम असतो तसं जावयाचं डोकं गरम, त्याला कोण काय करणार? माठात पाणी भरून ठेवायचं आणि सावलीत बसायचं.

मी त्या डोक्याचा थोडा अभ्यास केला. संत्र्याच्या दलालापुढे ते गरम होत नसे. दलाल तोंडावर भाव पाडे, तरी जावई त्याला पान खाऊ घालत. तलाठ्यापुढे गरम होत नसे. बिघडलेला पंप चार चकरा मारायला लावून दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीपुढेही नाही. घरात शिरल्यावरच ते तापे, आणि तेही एकाच माणसासमोर. हे मी एकदा तासाला सांगितलं, अर्थात ‘माझ्या ओळखीचे एक गृहस्थ’ म्हणून. सरांनी चष्मा पुसला. “मग ते डोकं गरम नाही,” ते म्हणाले. “ते फार हिशेबी आहे.”

घरी येईपर्यंत मी हे वाक्य मनात घोळवत होतो. राग जावयाचा होता, पण त्याहून जास्त त्या ठरलेल्या वाक्याचा होता. इतकी वर्षं मीही ते म्हणत आलो होतो, तोंडात सुपारी ठेवावी तसं.

ताई मात्र स्वतः काही बोलत नसे. दिवसभर ती शेजारच्या पोरींना शिवण शिकवी, उजव्या हातानं चाक फिरवी आणि डाव्यानं जमेल तेवढं कापड धरी. एकदाच, संध्याकाळी तलावाकडून येताना, ती मला म्हणाली, “मी यावेळी गेली ना, तर वापस नाही येणार गा.” मला वाटलं ती रागानं म्हणते आहे. “रागानं नाही बोलून राहिली,” ती म्हणाली. “मले येताच नाही येणार, असं म्हणून राहिली.”

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा कापडगिरणीत विणकर होते. विणायच्या साच्यांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यानं त्यांचे कान बसले होते. त्यांना नीट ऐकू येई ते फक्त आईचं. कारण त्यांच्यामुळेच आईचा आवाज असा तयार झाला होता की तिनं ओसरीत हाक मारली तर तलावाकाठचे बगळे उडत. बाकी कोणी काही म्हणालं की बाबा मान हलवत. विनोदाला हलवत, दुःखाच्या बातमीला हलवत, रेशनवर साखर आली नाही याला हलवत. आमच्या घरातले बहुतेक मोठे निर्णय बाबांनी असेच, न ऐकता घेतले.

श्रावणात गावाकडून मोठे काका आले. जावयांचा निरोप होता की पोळ्याला येतो आणि दुसऱ्या दिवशी करीला बायकोला घेऊन जातो. काकांनी तो निरोप नेहमीच्या आवाजात बाबांना सांगितला, वर ‘लोक काय म्हणतील’ हेही जोडलं. बाबांनी मान हलवली. काका उठले आणि आत येऊन आईला म्हणाले, “झालं. त्यानं हो म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी मी बाबांजवळ बसून म्हणालो की ताईला पाठवू नका. बाबांनी त्यालाही मान हलवली. पण माझ्या बाजूनं हललेल्या मानेला घरात किंमत नव्हती, कारण मी लहान, आणि शिवाय समाजशास्त्र शिकत होतो. आईला मी म्हणालो, तू तरी बोल. आई म्हणाली, “तुह्या बाबानं हो म्हटलं ना? मंग मी काय बोलू?” तिनं माळ्यावरून ताईची पत्र्याची पेटी काढून पुसून ठेवली. ती पेटी बघून मला इतका संताप आला की मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

त्याच सुमारास सरांनी घरपाठ दिला. आपल्या गल्लीतली एक रूढी घ्या. ती कोण पाळतं, कोण ठरवतं आणि त्यात कोणाची सोय आहे, ते लिहा. मी मारबत घेतली. पोळा तोंडावर होता आणि त्यासाठी कुठे जायला नको होतं.

नागपूरची मोठी मारबत सगळ्यांना माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात पिवळी आणि काळी अशा बांबू-कागदाच्या दोन मोठ्या बाया निघतात, सोबत महागाईचे, भेसळीचे बडगे, म्हणजे बाप्यांचे पुतळे निघतात, आणि गावाची सगळी पीडा त्यांच्या डोक्यावर घालून शेवटी त्यांना जाळतात. आमची मारबत एवढीशी होती. गल्लीतली निम्मी घरं खेड्यांतून आलेली, त्यांनी आपली पद्धत सोबत आणली होती. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावायच्या. करीच्या पहाटे बांबूला पळसपानं आणि चिंध्या बांधून मारबत करायची, तिच्यावर प्रत्येक घरानं आपल्या दारच्या फांद्या टाकायच्या, आणि ओरडत ओरडत तिला तलावापलीकडे नेऊन पेटवायचं. ओरडण्याची रीत अशी की एकानं पीडेचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं, “घेऊन जाय गे मारबत!” नाव घेण्याचा मान आमच्या आईचा होता. कारण उघड आहे, तो आवाज.

म्हणून माझी पहिली मुलाखत आईची. निबंधाच्या मसुद्यात मी तिला आधीच ‘रूढीची वाहक’ असं लिहून टाकलं होतं. शब्द सरांचा होता. आई करंज्यांचं सारण भाजत होती.

“कोणती पीडा न्यायले सांगायची, हे कोण ठरवते?”

“कोण ठरवन? मीच.”

“पण कोणती गोष्ट पीडा अन् कोणती नाही, हे तुले कसं समजते?”

आईनं कढईत एकदा झारा फिरवला. “ज्याले चावते त्याले समजते गा. ढेकणाले इचारून ठरवा लागते काय?”

मी ते लिहून घेतलं. त्यात फारसं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारी जावई आले. मोटारसायकलला मागे मोसंबीचं पोतं बांधलेलं. आमच्याकडे जावई येणं म्हणजे काय असतं, ते वेगळं सांगायला नको. पेटीतली चादर खाटेवर आली, शेजारून स्टीलचं नवं ताट आलं, पुरणपोळीवर तूप इतकं पडलं की पोळी दिसेना. जावई नम्र होते. बाबांच्या पाया पडले. बागेबद्दल, पाण्याबद्दल बोलले. बाबांनी मान हलवली. मला त्यांनी विचारलं, “समाजशास्त्र म्हंजे काय असते बाप्पा?” मी म्हणालो, समाज कसा चालतो ते असतं. “त्यात शिकाचं काय?” ते हसले. “तो तं चालूनच राहिला.”

ताईनं वाढलं. ती वाढत असताना ते एकदा तिच्या डाव्या हाताकडे बघून म्हणाले, “अजून बरा नाही झाला?” अगदी आपुलकीनं. ताईच्या हातातला भाताचा डाव किंचित थांबला आणि मग भात ताटात पडला. आई दाराशी उभी होती. तिनं ते पाहिलं की नाही, हे मी पुढे कितीदा स्वतःला विचारलं आहे. पाहिलंच असणार.

संध्याकाळी ताईची पेटी भरून ओसरीत आली.

करीची सकाळ. अजून धड उजाडलं नव्हतं. ढोलकी वाजली तशी गल्ली दारात आली. मारबत दोन पोरांच्या खांद्यावर डुलत होती, दर वर्षीसारखीच कुरूप. आतल्या खोलीत जावई उठले होते, खाटेवर बसून चहा पीत होते. बाबा त्यांच्या शेजारी. जावयाला एकटं बसवू नये म्हणून आईनंच त्यांना तिथं बसवलं होतं. दार उघडं होतं. ताई उंबऱ्यात, जाण्यासाठी चांगली साडी नेसून. मी दाराबाहेर, निरीक्षण करायला उभा.

आई आतून आली. दारच्या फांद्या तिनं उपटल्या, पदर खोचला आणि सुरू केलं.

“ताप-खोकला!”

“घेऊन जाय गे मारबत!”

“ढेकून-पिसवा!”

“घेऊन जाय गे मारबत!”

“खरूज-नायटा!”

“घेऊन जाय गे मारबत!”

हे सगळं नेहमीच्या लयीत चाललं होतं. अशा वेळी डोकं लागत नाही. तोंड आपलं आपण ओरडतं. आईनं हातातल्या फांद्या मारबतीवर टाकल्या, श्वास घेतला, आणि त्याच लयीत, त्याच आवाजात म्हणाली,

“गरम डोक्याचा जवाई!”

“घेऊन जाय गे मारबत!” सगळी गल्ली ओरडली.

मी ओरडलो. ढोलकीवाला ओरडला. ‘माणूस चांगला हाय’ म्हणणाऱ्या सगळ्या शेजारणी ओरडल्या. आपण काय ओरडलो, हे कळायला एक क्षण लागला. मग ढोलकी थांबली. उचललेल्या फांद्या वरच राहिल्या. कोणी कोणाकडे बघेना. मला आठवतं ते इतकंच की कोणाच्या तरी घरात दूध उतू गेल्याचा वास आला आणि आत जाऊन ते उतरवायची कोणाचीच हिंमत झाली नाही.

आणि त्या शांततेत आमच्या आतल्या खोलीतून, खाटेवरून, बाबांचा आवाज आला. एकटा, मागाहून, अगदी स्पष्ट.

“घेऊन जाय गे मारबत.”

कोणी हसलं नाही. बाबा दर वर्षीच मागे राहत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आईनं वळूनही पाहिलं नाही. “डास-मच्छर!” ती म्हणाली. गल्लीनं उत्तर दिलं, जरा दबक्या आवाजात. मारबत पुढे सरकली.

जावई बाहेर आले तेव्हा मारबत वळणावर गेली होती. चहा अर्धाच प्याले होते. पायांत बूट चढवताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांचं तोंड लाल झालं होतं, पण डोकं गरम झालं नाही. सगळी गल्ली बघत होती ना. मोटारसायकल सुरू व्हायला वेळ लागला. ते किका मारत होते आणि बाबा अंगणात उभं राहून त्यांच्याकडे बघत होते, मान न हलवता. शेवटी गाडी पेटली. ओसरीतल्या पेटीला त्यांनी हात लावला नाही. मोसंबीचं पोतंही राहून गेलं. आठवडाभर आम्ही रस प्यालो.

ताई उंबऱ्यातच उभी होती. गाडीचा आवाज विरल्यावर ती आत गेली, चांगली साडी बदलली आणि उजव्या हातानं पेटीची कडी धरून ती आत ओढू लागली. मी मदतीला गेलो. “राहू दे,” ती म्हणाली. “हे मीच नेतो.” पेटी फरशीवर खरखरत गेली. इतका बरा आवाज मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकला आहे.

काकांचे दोन खरमरीत निरोप आले. बाबांनी त्यांनाही मान हलवली. शेजारणी महिनाभर आईशी जपून बोलत होत्या. पुढच्या वर्षी मात्र पोळ्याच्या संध्याकाळी त्या एकेक करून आमच्या मागच्या दारानं आल्या आणि उद्या कशाकशाचं नाव घ्यायचं ते आईच्या कानात सांगून गेल्या. सगळीच काही ढेकणं नव्हती. आई म्हणे, “पायतो.” ताईनं पुढे शिवणाचा वर्ग वाढवला, मग शाळेत शिवणाची बाई म्हणून लागली. ती पेटी अजून आहे. तिच्यात रजया असतात.

निबंधातला ‘रूढीची वाहक’ हा शब्द मी खोडला. त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून जागा तशीच कोरी ठेवली. सरांनी त्या कोऱ्या जागेवर बरोबरची खूण केली. त्याचा अर्थ मी त्यांना विचारला नाही.

आईला मात्र मी त्या सकाळबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, “तोंडातून निंघून गेलं,” आणि गव्हातले खडे निवडू लागली. ती असं म्हणाली म्हणजे पुढे बोलणं नाही.

राहिले बाबा. गल्लीचं तसंच माझंही मत होतं की बाबांचं ते ओरडणं सवयीचं, नेहमीसारखं एक पाऊल मागे. समाजशास्त्र शिकूनही ते मत मी कित्येक वर्षं तपासलं नाही. बाबा निवृत्त झाले, मी त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. एका दुपारी ते यंत्र लावून अंगणात बसले होते आणि मी सहज म्हणालो, “बाबा, त्या मारबतीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या मागून ओरडले होते, आठवते?”

“सगळ्यांच्या मागून?” बाबांनी यंत्र नीट बसवलं. “सगळे ओरडले होते काय?”

मी म्हणालो, हो, अख्खी गल्ली.

बाबा मग म्हणाले, “मले तं फक्त तुह्या मायचं ऐकू आलं होतं. मले वाटलं, ती बिचारी एकटीच बोलली, अन् कोणीच हो म्हणून नाही राहिलं. म्हणून मंग मी म्हटलं.”